काळी वाळू, बाबांची दाढ आणि एक रंगीत चित्र

गेल्या महिन्यात एका रात्री भाचीचा फोन आला. पोरगी दंतवैद्यक शिकते आहे, एम.डी.एस.ला आहे. तिचा फोन म्हणजे आधी दहा मिनिटं मेसच्या जेवणाची निंदा आणि मग मुद्दा. या वेळी मात्र मुद्दा आधी आला.

"मामा, तू पुण्याला ऑफिसात ते फायनाइट एलिमेंट करायचास ना? माझ्या थिसिसला तेच आलंय. कॉम्प्युटरवर इम्प्लांटचं मॉडेल करायचं आणि त्यावर भार टाकून बघायचा. मला जरा समजावून सांग ना. पण सोप्या भाषेत हं!"

मी "हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ झोप लागली नाही. कारण हाच विषय मी पूर्वी एकदा सोप्या भाषेत समजावून सांगितला होता, आमच्या बाबांना. ते समजावणं अंगाशी आलं. माझ्या नाही, त्यांच्या.

तो किस्सा घरातल्या बऱ्याच जणांना अर्धामुर्धा माहीत आहे. पूर्ण कुणालाच नाही. भाचीसाठी म्हणून टिपणं काढायला बसलो आणि वाढत वाढत हा लेख झाला. मंडळी, आधी थोडा इतिहास सोसा. तो कळल्याशिवाय बाबांची गोष्ट कळणार नाही.

*

सुरुवात आमच्या रत्नागिरीच्या समुद्रापासूनच करतो. किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळा समुद्र. मांडवीची वाळू काळी. लहानपणी मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आम्ही मांडवीला जायचो. वाळूतून फिरवलं की त्याला काळीभोर मिशी फुटायची. घरी येऊन ती मिशी कागदावर झाडायची आणि खालून चुंबक फिरवून नाचवायची, हा मे महिन्यातला फुकटचा खेळ.

ती मिशी म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. त्याच्याच सोबतीने वाळूत आणखी एक काळं खनिज असतं, चुंबकाला जरा कमी दाद देणारं. त्याचं नाव इल्मेनाइट. लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग. सह्याद्रीचा काळा कातळ हजारो वर्षं झिजतो, नद्या तो चुरा खाली आणतात, आणि लाटा हलकी वाळू धुऊन नेत जड कण मागे ठेवतात. १९७०च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या उपसागरांत समुद्राच्या तळाशी असलेल्या इल्मेनाइटचा अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आम्ही ज्या वाळूत लोळत होतो तिच्यावर मोठी माणसं निबंध लिहीत होती!

गंमत अशी की टायटॅनियमचा शोधसुद्धा अशाच काळ्या वाळूत लागला. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या एका पाद्र्याने जवळच्या ओढ्यातली काळी वाळू तपासली. ती चुंबकाला चिकटते आहे, पण नुसतं लोखंड नाही, आत काहीतरी नवं आहे, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १७९५ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या नव्या धातूला टायटॅनियम हे नाव दिलं. नाव मिळालं, पण वापरण्याजोगा धातू हाती यायला दीडशे वर्षं लागली. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रॉलने मॅग्नेशियम वापरून टायटॅनियम मोकळं करायची युक्ती काढली आणि १९४०च्या दशकाच्या शेवटी हा धातू कारखान्यात तयार होऊ लागला. विमानांना तो हवाच होता. हलका, मजबूत आणि न गंजणारा.

एक खुलासा आधीच करतो, नाहीतर कुणी काका पिशवी घेऊन मांडवीला निघायचे. दातांचे इम्प्लांट रत्नागिरीच्या वाळूपासून होत नाहीत. जगातल्या बहुतेक इल्मेनाइटचा धातू होतच नाही, त्यापासून पांढरा रंग होतो. भिंतीच्या रंगात, कागदात, बऱ्याच टूथपेस्टमध्येसुद्धा असतो तो. काळ्या समुद्रातून पांढरा समुद्र काढण्यातला प्रकार. आपल्याकडे टायटॅनियमचा धातू बनवण्याचा कारखाना केरळात चवऱ्याला २०११ साली सुरू झाला, तोही मुख्यतः अवकाश कार्यक्रमाच्या गरजेसाठी.

*

आता दात. आमच्या आजोबांची कवळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती काचेच्या पेल्यातली आठवत असेल. रात्री माजघरात पाणी प्यायला जावं तर कपाटावरून दात हसत असायचे. आजोबा फणसाचे गरे खायचे, पण आठळ्या भाजल्या की उठून बाहेर जाऊन बसायचे. कवळीला मूळ नसतं, ती हिरडीवर नुसती बसलेली असते. दातच नाही म्हटल्यावर खालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं आणि कवळी आणखी सैल होते. गेलेल्या दाताच्या जागी हाडातच काहीतरी रोवावं ही कल्पना फार जुनी आहे. १९३१ साली होंडुरासमध्ये माया संस्कृतीतला एक जबडा सापडला. त्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते. विसाव्या शतकात तर नाना धातूंचे खिळे, पाती, जाळ्या लोकांच्या जबड्यांत घालून झाल्या. काही टिकल्या, पुष्कळ सैल झाल्या. शरीर परक्या वस्तूभोवती मऊ आवरण तयार करतं, हाड तिला धरत नाही, असाच समज होता.

हा समज मोडला तो चुकून. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनमार्क हा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होता. त्यासाठी त्याने हाडात टायटॅनियमची एक बारीक नळकांडी बसवली होती, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने आत बघायचं. प्रयोग संपल्यावर नळकांडी काढायला गेला तर निघेना. हाडाने ती धरून ठेवली होती. महागाची वस्तू, पुन्हा वापरायची होती, वाया गेली. दुसरा कुणी असता तर चरफडून नवी मागवली असती. ब्रोनमार्कने मात्र विचार केला, की हाड जर टायटॅनियमला इतकं धरतं, तर त्याचा उपयोग का करू नये?

१९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्याने योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सनचा जबडा जन्मतःच सदोष होता, खाण्याचे आणि बोलण्याचेही हाल होते. ते स्क्रू हाडाने धरले, त्यांवर दात बसले. लार्सन २००६ साली गेला, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, ते स्क्रू त्याच्या जबड्यात काम करत होते. तरी दंतवैद्यकातल्या प्रस्थापितांनी ब्रोनमार्कचं म्हणणं बरीच वर्षं मानलं नाही. १९८२ साली टोरांटोला एक परिषद भरली, तिथे त्याने पंधरा वर्षांहून जास्त काळची माहिती मांडली, आणि मग जगाचे दरवाजे उघडले. स्वतः ब्रोनमार्क २०१४ साली वारला.

लक्षात घ्या, तोपर्यंतचं सगळं काम ससे, कुत्रे आणि माणसं यांच्यावर झालं. स्क्रू केवढा असावा, आटे कसे असावेत, मान कशी असावी, हे हाताने आणि अनुभवाने ठरत होतं. कॉम्प्युटर वेगळ्याच वाटेने येत होता. ती वाट माझी, म्हणून जरा रेंगाळतो.

*

विमानाचा पंख वाऱ्याच्या भाराने कुठे किती वाकेल हे गणिताने काढणं महाकठीण. साध्या सरळ दांडीचं सूत्र असतं, पंखासारख्या वेड्यावाकड्या आकाराचं नसतं. रिचर्ड कुरांट या गणितज्ञाने १९४३ साली एक मार्ग सुचवला होता, की आकाराचे छोटे त्रिकोण करा आणि त्रिकोणागणिक गणित मांडा. पण तेव्हा एवढे आकडे पिंजायला यंत्र नव्हतं. पुढे बोइंग कंपनीत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी स्वतंत्रपणे अशीच पद्धत बसवली आणि १९५६ साली प्रसिद्ध केली. १९६० साली क्लफने तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं. १९७० साली अमेरिकेत जॉन स्वॉन्सनने स्वतःची कंपनी काढली आणि ॲन्सिस हा प्रोग्राम विकायला आणला. मी पुण्यात वीस-बावीस वर्षं ट्रकच्या चासीवर जे काम केलं ते याच जातीचं.

भाचीला मी ही पद्धत रापणीच्या जाळ्यावरून सांगितली. किनाऱ्यावरून रापण ओढताना पाहिलीच असेल. जाळ्याची एक गाठ ओढली की शेजारच्या चार गाठी हलतात, त्यांच्या शेजारच्या त्याहून थोड्या कमी. प्रत्येक गाठ आपल्या शेजाऱ्यांपुरतंच जाणते. पण अशा हजारो गाठींचा हिशोब एकदम मांडला, तर सबंध जाळं कसं ताणलं जाईल ते कळतं. कॉम्प्युटर तेच करतो. वस्तूचे बारीक तुकडे करतो, त्यांना गाठींनी जोडतो, प्रत्येक तुकडा किती ताठ ते आपण सांगायचं, भार कुठे ते आपण सांगायचं, आणि मग लाखभर समीकरणं तो एकदम सोडवतो. या जाळ्यालाच मेश म्हणतात. रापणीत जिथे मासळी गोळा होते तिथली वीण बारीक ठेवतात ना, तसं जिथे ताण गोळा होणार तिथली मेश बारीक ठेवायची. उत्तर रंगात येतं. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे ताण जास्त.

हाड आणि इंजिनिअर यांची ओळख मात्र फार जुनी. १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये कुलमान नावाच्या इंजिनिअरने मायर या शरीरशास्त्रज्ञाकडे मांडीच्या हाडाचा छेद पाहिला. आतल्या जाळीदार हाडाच्या रेघा अगदी क्रेनच्या वाकलेल्या दांडीतल्या ताणाच्या रेघांसारख्या होत्या. पुढे १८९२ साली युलियस वोल्फने ते नियमाच्या स्वरूपात मांडलं, की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. वापर नसला तर झिजतं. आजोबांचा जबडा का झिजला त्याचं उत्तर यात आलं.

तरी हाड कॉम्प्युटरमध्ये जायला १९७२ साल उजाडलं. त्या वर्षी डच संशोधकांनी मांडीच्या हाडाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल छापलं. १९७३ साली दातावरचे पहिले निबंध आले. आणि १९७६ साली वाइनस्टीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाताच्या इम्प्लांटचं मॉडेल केलं. आज भाची जे करते आहे त्याची गंगोत्री ही. तेव्हाचे कॉम्प्युटर खोलीएवढे आणि स्मरणशक्ती कोंबडीएवढी, म्हणून मॉडेलं सपाट असायची, कागदावर काढल्यासारखी. पुढे त्रिमितीतले निबंध आले. १९८३ साली रिचर्ड स्कॅलक यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, मिलिमीटरचा साधारण पाचवा भाग जाडीचा. तो गादीचं काम करतो. इम्प्लांटला ही गादीच नाही. टायटॅनियम हाडाला थेट भिडलेलं, आणि ते हाडाच्या कठीण बाहेरच्या थरापेक्षाही सात-आठ पट ताठ. चावण्याचा धक्का सरळ हाडात.

मग पुढच्या वीस-तीस वर्षांत या रंगीत चित्रांनी पुष्कळ शिकवलं. जवळपास प्रत्येक मॉडेलमध्ये लाल रंग एकाच ठिकाणी जमायचा: इम्प्लांटच्या मानेशी, जिथे तो हाडातून बाहेर पडतो त्या पहिल्या एक-दोन आट्यांशी. सरळ भारापेक्षा तिरका भार फार वाईट, हेही दिसलं. लांब स्क्रू म्हणजे भक्कम, असं सगळ्यांना वाटायचं. २००४ साली प्रागच्या संशोधकांनी दाखवलं, की मानेशी जमणारा ताण कमी करायला लांबीपेक्षा जाडी जास्त कामाला येते. त्यांच्या मॉडेलमध्ये व्यास ३.६ मिलिमीटरवरून ४.२ केल्यावर ताण ३१.५ टक्क्यांनी उतरला, पण ४.२ वरून ५ केल्यावर आणखी १६.४ टक्केच. १९९९ साली स्टिग हान्सन यांनी गणिताने दाखवलं, की मान गुळगुळीत ठेवण्यापेक्षा तिच्यावर बारीक आटे ठेवले तर ताणाचा कळस खाली येतो. हे सगळं कुणाच्या जबड्यात स्क्रू न घालता कळलं. ही काही लहान गोष्ट नाही.

पण शेवटी लोखंडी यंत्राची परीक्षा सुटत नाही. त्यासाठी आयएसओ १४८०१ हे मानक आहे. इम्प्लांट ३० अंशांत तिरका धरायचा, वरचं ३ मिलिमीटर हाड झिजलंय असं समजून उघडा ठेवायचा, आणि यंत्राने ठोकत राहायचं. कोरड्यात ५० लाख ठोके, मिठाच्या पाण्यात २० लाख. पाण्यात सेकंदाला दोनपेक्षा जास्त ठोके चालत नाहीत. म्हणजे गुणाकार केला तर साडेअकरा दिवस अहोरात्र चावणं! असे डझनभर नमुने मोडायचे म्हणजे वेळ आणि पैसा, म्हणून आधी कॉम्प्युटरवर शंभर आकार तपासायचे, त्यातले दोन-चार निवडून यंत्रावर चढवायचे, ही आजची रीत. आपल्या देशातही दिल्लीच्या आयआयटीने आणि मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेने मिळून देशी इम्प्लांट विकसित केला, महेश वर्मा आणि नरेश भटनागर यांच्या पुढाकाराने. बाहेरून येणारे इम्प्लांट सामान्य माणसाला परवडत नाहीत, हे त्यामागचं कारण.

*

आता बाबा.

बाबा म्हणजे गणिताचे मास्तर. रत्नागिरीतल्या निम्म्या वकील-डॉक्टरांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत. २०११ साली त्यांची खालची डावी दाढ काढावी लागली. वय ७४. मधुमेह होता, पण "ताब्यात आहे" असं ते म्हणायचे. आणि सुपारी. अडकित्ता, चुना, पान हे सगळं जेवणानंतर, आणि नुसती सुपारी मधल्या वेळी. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले, काढता-घालता येणारा दात किंवा इम्प्लांट. बाबांना कवळीजातीचं काहीही नको होतं, पण हाडात स्क्रू म्हटल्यावर बिचकले. मला फोन केला.

मी काय केलं? शनिवारी ऑफिसात बसून एक मॉडेल केलं. जबड्याचा तुकडा म्हणून एक ठोकळा, त्यात स्क्रू, वर कॅप, कॅपवर भार. हाडाचे आकडे एका निबंधातून घेतले. दोन तासांत चित्र तयार. गणपतीला घरी गेलो तेव्हा प्रिंट काढून घेऊन गेलो आणि झोपाळ्यावर बसून बाबांना दाखवलं. सगळं निळं-हिरवं, फक्त मानेशी एक लाल कडं.

"हे लाल काय?" बाबांनी विचारलं.

"तिथे ताण जास्त आहे. पण मर्यादेत आहे."

"यात तू काय काय धरलंस?"

मी सांगितलं. हाड सगळीकडे सारखं. स्क्रूला शंभर टक्के चिकटलेलं. भार एकदाच, एवढा.

"माझी साखर कुठे धरलीस? आणि सुपारी?"

मी हसलो. म्हटलं, बाबा, ते यात धरता येत नाही, पण भरपूर फरक ठेवलाय, काही होत नाही. ते थोडा वेळ चित्र बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर करू."

तू म्हणतोस तर. या तीन शब्दांनी मला पुढे कितीतरी रात्री छळलं आहे.

इम्प्लांट बसला. दोन वर्षं उत्तम. बाबा आठळ्या खाऊन दाखवायचे, आजोबांच्या नावाने. तिसऱ्या वर्षी हिरडी सुजायला लागली, रक्त यायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला तर मुळीच नाही. कळलं तेव्हा मानेभोवतीचं हाड बरंच गेलं होतं. २०१४ साली तो स्क्रू काढावा लागला. जखम भरायला साखरेमुळे महिने लागले. दिवाळीचा फराळ त्यांनी दुधात भिजवून खाल्ला. एका शब्दाने मला बोलले नाहीत. तेच जड गेलं.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी साखर, सुपारी, सफाई सगळं सांगितलं होतं. त्यांच्या सांगण्यावर माझं चित्र बसलं, एवढंच. म्हातारा माणूस डॉक्टरांच्या दहा सूचनांपेक्षा मुलाच्या एका रंगीत कागदावर विश्वास ठेवतो.

लाल कडं होतं तिथूनच हाड गेलं म्हणजे चित्र खरं ठरलं, असं मला काही दिवस वाटत होतं. एक प्रकारचं समाधानही वाटायचं, लाज वाटते सांगायला. भाचीने ते समाधानही काढून घेतलं. ती म्हणाली, "मामा, तिथूनच जातं, कारण जंतू तिथूनच आत शिरतात. साखर वाढली की हिरडी त्यांना थोपवू शकत नाही. वर सुपारीचा भार आलाच. पण तुझ्या मॉडेलमध्ये जंतू कुठे होते?" बरोबर आहे. ताण आणि जंतू दोघांचा अड्डा एकाच मानेशी. आजोबांची कामवाली आणि मांजर दोघंही एकाच वेळी स्वयंपाकघरात असली तर दूध कुणी सांडलं ते नुसत्या डागावरून कळत नाही.

ही माझ्या एकट्याची चूक नव्हती, हे नंतर वाचल्यावर कळलं. २००१ सालीच इम्प्लांटवरच्या फायनाइट एलिमेंट निबंधांचा एक मोठा आढावा निघाला होता. बहुतेक मॉडेलांत हाड एकजिनसी धरतात, ते स्क्रूला पूर्ण चिकटलेलं धरतात, भार स्थिर धरतात. खऱ्या जबड्यात यातलं काहीच तसं नसतं, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी तो वाचला नव्हता. मी फक्त आकडे उचलले होते. पुढे अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली सूचना काढल्या, की वैद्यकीय उपकरणासाठी कॉम्प्युटर मॉडेल दाखवायचं असेल तर काय धरलं, का धरलं, आणि ते प्रत्यक्षाशी कसं ताडून पाहिलं हे सगळं लिहा. २०१८ साली इंजिनिअरांच्या संघटनेचंही त्यावर मानक आलं. मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा हे ते चुकल्यास कुणाचं काय बिघडणार यावर ठरवा, असा त्याचा गाभा. म्हणजे बाबांनी झोपाळ्यावर बसून विचारलेलाच प्रश्न. ट्रकची चासी मोडली तर चासी बदलतात. आम्ही ते गणित जबड्याला लावत होतो.

*

बाबा २०१९ साली गेले. शेवटची पाच वर्षं त्यांनी काढता-घालता येणारा दात वापरला आणि रात्री तो पेल्यात ठेवला. आजोबांसारखाच.

गेल्या रविवारी भाची रत्नागिरीला आली. टिपणं दाखवली, मेशचं सगळं समजावलं. मग मी बाबांचा पानाचा डबा काढला. अडकित्त्याच्या खाली, एका कागदाच्या पुडीत, तो स्क्रू त्यांनी जपून ठेवला होता. त्यांच्या सामानाची आवराआवर करताना मला सापडला होता, मी कुणाला दाखवला नव्हता. तिने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग माझ्या टेबलावरची व्हर्निअर घेतली आणि मापला.

"मामा, तू मॉडेलमध्ये केवढा धरला होतास?"

"साडेचार मिलिमीटर. दाढेला तेवढा घालतात असं वाचलं होतं."

"हा साडेतीनचा आहे."

मी परत मापला. साडेतीनच. हाड अरुंद असेल म्हणून डॉक्टरांनी बारीक घातला असणार, तसं करावं लागतं असं ती म्हणाली. म्हणजे साखर, सुपारी, जंतू राहिले बाजूला, मी ज्या स्क्रूचं चित्र बाबांना दाखवलं तो स्क्रूच त्यांच्या तोंडात नव्हता. एक फोन करून डॉक्टरांना माप विचारलं असतं तर कळलं असतं. मला सुचलंच नाही. चित्र इतकं छान आलं होतं.

भाचीने तो स्क्रू थिसिससाठी मागितला आहे. मॉडेल करताना जबड्याचा आकार ती ठोकळ्यावरून नाही, खऱ्या सीटी स्कॅनवरून घेणार आहे, आणि हाड शंभर टक्के चिकटलेलं, अर्धवट चिकटलेलं, वरून ३ मिलिमीटर झिजलेलं अशी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी छापणार आहे. मी तिला एवढंच सांगितलं, की काय काय गृहीत धरलं त्याचं पान शेवटी नको, पहिलं ठेव. आणि पेशंटला चित्र दाखवशील तेव्हा आधी ते पान वाचून दाखव.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. इम्प्लांट वाईट नाही. आत्याचे दोन दहा वर्षांहून जास्त काळ ठणठणीत आहेत. पण घालायच्या आधी साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट काढा, तंबाखू-सुपारीचं डॉक्टरांना खरं सांगा, रात्री दात खात असाल तर तेही सांगा, आणि नंतर हिरडीतून रक्त आलं तर लपवू नका. आणि घरातला कुणी इंजिनिअर रंगीत चित्र घेऊन आला, तर बाबांसारखं विचारा, यात माझं काय काय धरलंय?

स्क्रू तिच्याकडे दिला. पुडीचा कागद मात्र मी ठेवून घेतला. घडी उलगडली तेव्हा कळलं, ती माझीच प्रिंट होती, लाल कडं असलेली, चौकोनी फाडून पुडी केलेली. मागच्या कोऱ्या बाजूला बाबांच्या अक्षरात वाण्याचा हिशोब आहे. सुपारी पाव किलो.